विमानतळापर्यंतचीच काळजी

आमच्या रत्नागिरीत आखातात माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. माझा चुलतभाऊ तिथे बांधकामावर उंचावरून पडला. डोक्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, कंपनीने तिकीट काढून घरी पाठवला. जबाबदारी संपली! आता चालतो, जेवतो. पण सकाळचं दुपारी आठवत नाही, मुलांवर धावून जातो. लोक म्हणतात, "बरा दिसतोय की!" काय चाललंय ते वहिनीलाच ठाऊक.

दहावी न झालेले ईसीआर पासपोर्टवर कामाला जातात. त्यांना प्रवासी भारतीय विमा सक्तीचा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख. पण हरवलेली आठवण दाखवायची कशी? २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत मेंदूची दुखापत वेगळी नाहीच. दुसऱ्या कुठल्यातरी रकान्यात बसवा.

अशा माणसाला महिनोन्‌महिने फिजिओथेरपी, स्पीच थेरपी लागते. ती जिल्हा रुग्णालयात नियमित मिळावी, एवढीच मागणी. केरळने परदेशस्थांसाठी १९९६ मध्येच वेगळं खातं काढलं. आपण कधी?

आणि जाणाऱ्यांनो, विम्याची प्रत घरी ठेवून जा. दुखापत झालीच, तर डिस्चार्जचे कागद इंग्रजीत आणि स्कॅनची सीडी घेतल्याशिवाय विमानात बसू नका.