दोन अंश अलीकडे

‘धाकटी काय करते हो सध्या?’ आमच्या बेळगावात हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत येतो, मंदिराच्या पायरीवर येतो, भाजी घेतानासुद्धा येतो. ‘कोइम्बतूरला असते. रेसच्या गाड्यांची इंजिनं ट्यून करते,’ असं मी सांगितलं की समोरची बाई क्षणभर गप्प होते. मग हळूच विचारते, ‘म्हणजे गॅरेजात?’ होय, गॅरेजातच. आमच्या थोरल्या जाऊबाई तर म्हणाल्या, ‘एवढं इंजिनिअरिंग करून शेवटी हात काळेच केले की गं पोरीनं!’

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. इंजिनाशी माझा संबंध वडिलांच्या ॲम्बॅसडरपुरता. मिस्त्री बॉनेट उघडून कान लावायचा, कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करायचा आणि म्हणायचा, ‘आता बघा, साहेब.’ गेल्या वर्षी पंधरा दिवस लेकीकडे राहिले, तेव्हा ठरवलंच, की ही करते तरी काय ते बघायचं.

कोइम्बतूर हे मोटार शर्यतींचं जुनं गाव. करी मोटर स्पीडवे हा ट्रॅक तिथलाच. लेकीच्या वर्कशॉपात जमिनीत मोठे लोखंडी रोलर बसवलेत. त्याला डायनो म्हणतात. गाडीची चाकं त्या रोलरवर ठेवायची, पट्ट्यांनी गाडी आवळून बांधायची, समोर भला मोठा पंखा लावायचा. मग गाडी ताशी शंभराच्या वर पळते, पण जागची हलत नाही. रोलर चाकांना विरोध करतात आणि चाकांपर्यंत किती जोर पोचला ते मोजतात. पडद्यावर त्याची रेघ उमटते.

स्क्रूच्या जागी आता ईसीयू नावाचा छोटा काँप्युटर आलाय. त्याच्या पोटात पाढ्यांसारखा तक्ता असतो. एका बाजूला इंजिनचे फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनवरचा भार, आणि चौकोनाचौकोनात लिहिलेलं, पेट्रोल किती आणि ठिणगी कधी. मिनिटाला ३००० फेरे असले तर एकेका सिलिंडरात सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पण पूर्ण जोर असताना पेट्रोल थोडं जास्तच द्यायचं, म्हणजे आतली उष्णता आवरते. इथेनॉल मिसळलं की हे प्रमाण बदलतं, तक्ता पुन्हा तपासावा लागतो. आमच्या जिल्ह्यातल्या उसाचा असा तिथं संबंध लागला, मला गंमत वाटली.

खरी परीक्षा ठिणगीची. पिस्टन वर पोचायच्या काही अंश आधी ती पडते. एकेक अंश अलीकडे आणली तशी ताकद वाढते. पण एका मर्यादेपलीकडे मिश्रण ज्वाला पोचायच्या आतच आपोआप पेटतं, आणि डब्यात खडे वाजावेत तसा आवाज येतो. तेच नॉकिंग. चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. लेक हेडफोन लावून तोच आवाज ऐकत असते.

त्या दिवशी एक तरुण मुलगा वडिलांना घेऊन आला होता. आठ दिवसांवर रेस. त्यांना हवा होता त्यापेक्षा आकडा चार हॉर्सपॉवरनं कमी भरला. वडील म्हणाले, ‘अजून ओढा की, पैसे आम्ही देतो.’ लेक म्हणाली, ‘सर, आणखी दोन अंश दिले तर आकडा येईल. पण तो इथं, या पंख्यापुढं. ट्रॅकवर दुपारी हवा तापलेली असते. तिथं इंजिन टिकणार नाही. मी करणार नाही.’ चार पुरुष उभे होते. कुणी काही बोललं नाही. बापलेक गाडी घेऊन दुसरीकडे गेले. मालकांनी नुसता सुस्कारा टाकला. लेकीचा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला.

रात्री भाकरी थापताना मी विचारलं, ‘दोन अंशांनी काय झालं असतं गं?’

‘कदाचित काहीच नाही, आई. पण ऐन वळणावर इंजिन फुटलं तर तेल चाकाखाली येतं. गाडीत तो मुलगा असतो.’

मी तव्यावरची भाकरी उलटली. पाक एकतारी झाला की पातेलं खाली उतरवायचं, हे मला आईनं शिकवलं. माणसाच्या बाबतीत मात्र कुणी शिकवलं नाही. आमच्या घरांतून बायकांना असंच ओढलं गेलं. चालतंय ना, मग आणखी थोडं: आणखी चार पाहुणे, आणखी एक आजारपण, बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी कपड्यांचा पिळा. आतून खडे वाजत होते, पण कान लावून ऐकणारं कोण होतं?

माझ्या पिढीला ‘आता पुरे’ म्हणायला पन्नाशी उजाडावी लागली. माझी लेक सत्ताविसाव्या वर्षी, चार पुरुषांपुढं, नुकसान सोसून, शांतपणे ते म्हणाली. हात काळे होतात तिचे, खरं आहे. रात्री साबण लावून लावून धुते.