पोटाचें टांचण

आमच्या सदऱ्याच्या खिशांत गेलीं तीन वर्षें चार घड्यांचा एक कागद असतो. त्यावर एखादी कविता असावी असें आमच्या सहकाऱ्यांस वाटतें. विद्यार्थी त्याकडे प्रश्नपत्रिकेच्या आशेनें पाहतात. वस्तुतः त्यावर आमच्या पोटाची हकीकत लिहिलेली आहे.

सात वर्षांपूर्वीं आमचें वजन १२८ किलो होतें. मधुमेह होता, रात्रीं घोरतां घोरतां श्वास अडके, आणि सारा जन्म नाशकांत काढूनही पांडवलेणीं आम्ही पायथ्यावरूनच पाहत असूं. अखेर आम्हीं वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. अमेरिकेंतील आयोवा येथें एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं जिचा प्रारंभ केला, तिचेंच हें सुधारलेलें रूप. जठराच्या वरच्या टोकास अंड्याएवढी पिशवी वेगळी करून तिला पुढचें लहान आंतडें जोडतात. उरलेलें जठर व आंतड्याचा आरंभीचा भाग जागच्या जागीं राहतो, पण अन्न त्या वाटेनें जात नाहीं. नाशिककरांस सांगावयाचें तर, द्वारका चौक टाळून उड्डाणपुलावरून पार होण्यासारखाच हा प्रकार! अडचण इतकीच कीं, लोह व कॅल्शियम या उतारूंपैकीं बहुतेकांस नेमकें द्वारकेसच उतरावयाचें असतें.

दीड वर्षांत ४६ किलो उतरले. मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या. पांडवलेण्यांच्या पायऱ्या आम्ही चढून गेलों व वर बसून पेरू खाल्ला. जो भेटे तो "किती उतरलं?" एवढेंच विचारी, आणि आम्हीही स्वतःस किलोंनींच मोजूं लागलों. २०१७ सालीं इजिप्तमधील इमान अहमद या बाई मुंबईच्या सैफी रुग्णालयांत अशाच उपचारासाठीं आल्या होत्या. त्यांचे किलो वृत्तपत्रें क्रिकेटच्या धावांप्रमाणें छापीत. मे महिन्यांत त्यांस अबू धाबीस नेलें व सप्टेंबरांत त्या वारल्या. कारण सांगण्यांत आलें तें हृदयाचें व मूत्रपिंडांचें. वजनाच्या आंकड्यांत ज्याचा पत्ता लागत नाहीं असें मनुष्याच्या शरीरांत पुष्कळ असतें, हें तेव्हांच आमच्या ध्यानांत यावयास हवें होतें. आलें नाहीं.

रुग्णालयांतून निघतांना हातीं दिलेल्या कागदावर "जीवनसत्त्वें व तपासण्या जन्मभर" असें स्पष्ट लिहिलेलें होतें. पहिलें वर्ष आम्हीं तें पाळलें. पुढें परीक्षांचे गठ्ठे आले, मुलीचें लग्न आलें, आणि बरें वाटणाऱ्या माणसानें गोळ्या कां खाव्या असा सुज्ञ विचारही मनांत आला. चौथ्या वर्षीं पायांना मुंग्या येऊं लागल्या. जमिनीवर चालतांना कापसावर चालल्यासारखें होई. आम्ही एका डॉक्टरांकडे तीन वेळां गेलों. हिमोग्लोबिन चांगलें होतें. पन्नाशीनंतर असें व्हावयाचेंच, असें ते म्हणाले. "लाजूं नका, शंका विचारा," असें तीस वर्षें वर्गांत सांगत आलेले आम्ही तेथील स्टुलावर बसून "बरं" एवढेंच बोललों.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेंच आहे. शस्त्रक्रियेची वार्ता आम्हीं त्यांस सांगितलीच नव्हती! संयमानें जें साधलें नाहीं तें सुरीनें साधलें, असें कोणी म्हणेल ही भीति. घरीं आमच्या मंडळींनीं विचारलें, "अहो, पण पोटाचं सांगितलंत का त्यांना?" आम्ही पंख्याकडे पाहूं लागलों. त्यांनीं कपाटांतून तो जुना कागद काढला व दुसऱ्या दिवशीं स्वतः बरोबर आल्या.

रक्तांतील बी-१२ अगदीं तळाला गेलेलें निघालें. हें जीवनसत्त्व शोषलें जाण्यास जठराचे स्राव लागतात, आणि आमचें बहुतेक जठर तर त्या व्यवहारांतून निवृत्त झालेलें! यकृतांतील शिल्लक कांहीं वर्षें पुरते. आजोबांच्या ठेवीवर चाललेल्या घरांत नोकरी सुटल्याचें जसें उशिरां कळतें, तसेंच हें. त्यांत आम्ही शाकाहारी, म्हणजे ठेवही बेताचीच. रक्त चांगलें दिसत असतांही नसा झिजूं शकतात, हेंही तेव्हां कळलें. कॅल्शियमची लबाडी तर याहून मोठी. तें कमी पडलें कीं शरीर हाडांतून काढून रक्तांत भरतें आणि अहवाल निर्दोष येतो. म्हणून ड जीवनसत्त्व व पॅराथायरॉइडचें संप्रेरक हींही पाहावीं लागतात. इंजेक्शनांनीं मुंग्या गेल्या. डाव्या पायाचीं दोन बोटें मात्र अद्याप पुरतीं आमचीं झालेलीं नाहींत.

त्यानंतर हें टांचण झालें. त्यांत शस्त्रक्रियेचें नांव व तारीख आहे. दरवर्षींच्या तपासण्या आहेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखीं वेदनाशामकें नकोत, जोडाच्या जागीं व्रण होतो, असें आहे. आणि कित्येक दिवस ओकाऱ्या होत राहिल्यास साखरेचें सलाईन लावण्यापूर्वीं बी-१ द्यावें, हें अधोरेखित आहे. शस्त्रक्रिया करणारे पोट जाणतात, मधुमेहाचे डॉक्टर साखर जाणतात, हाडांचे डॉक्टर गुडघा जाणतात. या सर्व दालनांतून हिंडणारे एकटे आम्हीच. एके ठिकाणीं "डॉक्टर तुम्ही कीं मी?" असाही प्रश्न झाला. त्याचें समर्पक उत्तर आम्हांस जिना उतरल्यावर सुचलें. परंतु गेल्या पावसाळ्यांत गुडघ्यासाठीं गेलों असतां एक तरुण डॉक्टर औषध लिहूं लागले, तेव्हां आम्हीं कागद पुढें केला. हात थोडा कांपला. त्यांनीं तो दोनदां वाचला, लिहिलेली ओळ खोडली, आणि म्हणाले, "सर, आधीं सांगितलंत तें बरं झालं. याचा फोटो घेऊं का?"

परवां तो कागद सदऱ्याबरोबर धुण्यांत गेला. आम्हीं सगळें टांचण एकटाकीं, पाठ म्हटल्याप्रमाणें पुन्हां लिहून काढलें व मोठ्या अभिमानानें मंडळींच्या हातीं दिलें. त्यांनीं चष्मा लावून तें तपासलें. फेरिटिनची तपासणी राहिली होती; ती त्यांनीं लाल शाईनें समासांत लिहिली.