बँकर

कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर. एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ मध्ये, ते होतात साधारण ३२२ मीटर. माझ्या फ्लॅटमध्ये मला मिळालंय आठ फूट बाय तीन फुटांचं प्लायवूड. म्हणून मी बोरघाटाचा एकच तुकडा करतोय : एक बोगदा, एक वळण आणि ३७ला १ चा चढ.

दर रविवारी आम्ही काही मित्र एकमेकांना आपापल्या लेआउटचे फोटो पाठवतो. कुणाचा प्लॅटफॉर्म रंगवून झालेला असतो, कुणी भुसा हिरवा करून गवत पेरलेलं असतं. माझा फोटो तीन महिने तोच. चढावर अडकलेलं इंजिन.

बाबा इंजिन ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. आई गेल्यापासून फारसं बोलत नाहीत. परवा मागे येऊन उभे राहिले.

"डबे किती?"

"चार. घरी बनवलेत, जड आहेत."

"मग बँकर कुठाय?"

घाटात गाडीला मागून ढकलायला कर्जतला इंजिनं लागतात, हे मला लहानपणापासून माहीत. तरी सुचलं नव्हतं.

तसलंच दुसरं इंजिन मागे लावलं. गाडी चढली. बाबा मग रात्री साडेबारापर्यंत बोलत होते.

या रविवारी मी व्हिडिओ पाठवला. गाडी बोगद्यात शिरते, दिसेनाशी होते. बाबांचा आवाज मात्र शेवटपर्यंत ऐकू येतो.