आईचा प्रश्न

गुन्हेगार नायक आपल्याला का आवडतो? 1971 च्या ‘गेट कार्टर’ या ब्रिटिश चित्रपटात भावाच्या मृत्यूचा सूड घेणारा जॅक कार्टर अखेर समुद्रकिनारी भाडोत्री मारेकऱ्याच्या गोळीने मरतो. महेश मांजरेकरांच्या ‘वास्तव’मधील (1999) रघूला मात्र त्याची आईच गोळी घालते.

‘वास्तव’ मी आईसोबत अकोल्यात पाहिला. रघू पन्नास तोळ्यांची साखळी आईला दाखवतो, तेव्हा चित्रपटगृहात शिट्ट्या घुमल्या. त्यांत माझीही होती. परतताना एसटीने मूर्तिजापूर सोडले, तोवर आई गप्प होती. मग म्हणाली, “मंग बंदूक उचलन्यापरीस, साखळी पाह्यली तवाच पोराले पुसावं, कुठून आनली म्हून.”

त्या दिवसांत माझा धाकटा भाऊ नव्या मोटारसायकलवर हिंडत असे. ती कोणाची, हे घरात कोणीही विचारले नव्हते. अमरावतीला पोहोचल्यावर चप्पल काढण्यापूर्वीच आईने ते विचारले. रात्रभर कोणी झोपले नाही. सकाळी अंगणात मोटारसायकल नव्हती, भाऊ होता.

अशा नायकाला आपण सहज दाद देतो, कारण त्याची किंमत दुसऱ्याची आई मोजत असते. त्या दिवसानंतर मी शिट्टी वाजवलेली नाही.