जिवंत परतलेला जवान

रावेरच्या केळीपट्ट्यात राहून युद्धपट पाहताना माझं लक्ष रणगाड्यांपेक्षा एकाच गोष्टीकडे असतं: हा जवान घरी येतो की नाही? आमच्याकडचे फौजी ऐन उमेदीत पेन्शन घेऊन परततात, बागेत ठिबकच्या नळ्या अंथरतात, कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. पडद्यावर हा माणूस जवळपास नाहीच. वास्तव म्हटलं की चर्चा गणवेशाची आणि बंदुकांची होते. तिथेही चुका आहेत. तीस गोळ्यांचं मॅगझिन सलग झाडलं तर तीनेक सेकंदांत रिकामं होतं, पडद्यावर ते संपत नाही. पण ही चूक मला किरकोळ वाटते.

मोठी चूक १९९७ च्या ‘बॉर्डर’मध्ये आहे. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाला मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या सव्वाशेच्या आसपास जवानांनी रात्रभर पाकिस्तानी रणगाडे रोखून धरले, उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंग राठोड त्या रात्री तिथे लढले. सुनील शेट्टी यांनी रंगवलेला भैरोंसिंग सिनेमात शहीद होतो. खरे भैरोंसिंग सेना पदक घेऊन परतले आणि सिनेमा आल्यावरही पंचवीस वर्षं जगले; डिसेंबर २०२२ मध्ये जोधपूरला वारले. सिनेमा म्हणजे पंचनामा नव्हे, त्याला नाट्य लागतंच, हे मान्य. मग पात्राचं नाव बदलायचं. नाव खरं ठेवून माणसाचं पुढचं सगळं आयुष्य पुसून टाकणं मला पटत नाही. शिवाय परतलेल्या जवानाच्या गोष्टीत नाट्य नसतं, हेही खरं नाही. नाना पाटेकर यांच्या १९९१ च्या ‘प्रहार’मध्ये बेळगावचं खडतर कमांडो प्रशिक्षण पार केलेला पीटर कारवाईत पाय गमावतो, मुंबईत घरी येतो आणि हप्ता मागणाऱ्या गुंडांच्या हातून मारला जातो. सीमेवर लढलेल्याला गल्लीत कुणी वाली नसतो, हे त्या सिनेमाने लपवलं नाही.

हौतात्म्य पाहूनच पोरं पहाटे भरतीच्या सरावाला पळतात, असं कुणी म्हणेल. पळू देत, त्यांच्या जिद्दीला माझा सलाम आहे. पण २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्केच कायम होणार. बाकीचे विशी-पंचविशीत गावी येतील, पेन्शनशिवाय, नव्या नोकरीच्या शोधात. त्यांच्या आईबापांनी पोराला फौजेत धाडण्याआधी पडद्यावर हेही पाहिलेलं असावं, एवढीच माझी मागणी आहे.