उन्हाळ्याची नोकरी आणि बुडालेलीं गांवें

उन्हाळ्याची सुट्टी म्हटली कीं आंबे, आजोळ आणि पत्त्यांचे डाव हीं तीन सुखें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. कॅनडांत मात्र उन्हाळा म्हणजे विद्यार्थ्यांच्या कमाईचे दिवस. कोणी मळ्यांत फळें तोडावयास जातो, कोणी उपाहारगृहांत बशा धुतो, आणि कांहीं मुलें-मुली गांवोगांवच्या इतिहास-संग्रहालयांत नोकरी धरतात. पगार देऊन मुलांकडून इतिहास सांगवावयाचा, ही पद्धत तेथें चांगली रुळलेली आहे. १५ ते ३० वर्षें वयाच्या तरुणांना उन्हाळी काम देणाऱ्या संस्थांना मध्यवर्ती सरकार वेतनासाठीं अनुदान देतें. एरवी चार-दोन वृद्ध स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारीं कितीतरी लहान संग्रहालयें या मुलांमुळेंच उन्हाळ्यांत रोज उघडीं राहतात.

या कामाचें स्वरूप पाहावयाचें असल्यास सेंट लॉरेन्स नदीच्या उत्तर तीरावर, मॉरिसबर्ग गांवाजवळच्या ‘अप्पर कॅनडा व्हिलेज’ येथें जावें. ओटावाहून मोटारीनें ही वाट सुमारें तासाभराची आहे. १९६१ सालीं उघडलेलें हें संग्रहालय म्हणजे काचेच्या कपाटांची रांग नव्हे. तें एक सबंध खेडेंच आहे. चाळिसांहून अधिक इमारती, आणि काळ १८६० नंतरच्या दशकांतला. लोकरीच्या गिरणींत पाण्याच्या जोरावर यंत्रें फिरतात. पिठाच्या गिरणींत गहूं दळला जातो आणि भट्टींतून पाव निघतात. लोहाराचा भाता चालतो, छापखान्यांत हातानें खिळे जुळवितात, आणि कालव्यांतून घोडा नाव ओढून नेतो. या सर्वांमधून त्या काळचा वेष करून विद्यार्थी वावरतात. जुलैच्या उन्हांत पायघोळ झगा सांवरीत, तोच प्रश्न दिवसांतून पन्नासदां ऐकून, पन्नासाव्या वेळींहि हंसतमुखानें उत्तर देणें हें दिसतें तितकें सोपें काम नाहीं.

परंतु हें खेडें येथें उभें कां राहिलें, ती हकीकत त्याहून ऐकण्याजोगी आहे. समुद्रांतील मोठ्या आगबोटी थेट महासरोवरांपर्यंत जाव्यात व नदीपासून वीजहि मिळावी, म्हणून कॅनडा आणि अमेरिका या दोन देशांनीं १९५४ सालीं सेंट लॉरेन्सवर प्रचंड काम हातीं घेतलें. धरणामागें पाणी चढणार हें ठरलेलेंच होतें. ऑन्टॅरिओच्या बाजूचीं दहा लहान गांवें व वाड्या त्या पाण्याखालीं जावयाच्या होत्या; सुमारें साडेसहा हजार माणसांना उठावें लागलें. त्यांच्यासाठीं इंगलसाइड आणि लाँग सू हीं दोन नवीं गांवें वसविलीं. पांचशेंहून अधिक घरें तर अवाढव्य यंत्रांनीं पायापासून उचलून, कपाटांतील भांडीं कपाटांतच ठेवून, नव्या जागीं नेलीं. जीं नेण्याजोगीं नव्हतीं तीं पाडलीं किंवा जाळलीं, झाडें तोडलीं. १ जुलै १९५८ रोजीं सकाळीं तात्पुरता बंधारा सुरुंगानें उडविला. पुढच्या चार दिवसांत पाणी भरत गेलें. कॅनडाचा राष्ट्रीय दिन तोच, आणि गांवकऱ्यांच्या गांवांचा शेवटचा दिवसहि तोच. नदीकांठच्या अक्वेसास्ने येथील मोहॉक या मूळच्या रहिवाशांचीहि जमीन याच योजनेपायीं गेली.

वांचविलेल्या जुन्या इमारतींतील कांहीं या व्हिलेजमध्यें आणल्या. बुडणाऱ्या स्मशानभूमींतील कोरीव शिळा जवळच एका स्मारकाच्या भिंतींत बसविल्या आहेत. मात्र एक गोष्ट मनास लागते. येथें जें गांव दाखवितात तें १८६० नंतरच्या दशकांतलें. जें पाण्यांत गेलें तें १९५८ सालचें, विजेचे दिवे आणि मोटारी असलेलें. घोड्याची नाव आणि गरम पाव यांवर खूष होऊन परत फिरणाऱ्या पाहुण्यांपैकीं कित्येकांना नदीच्या तळाशीं काय आहे याची दादहि नसते. ती उणीव दुसऱ्या एका लहान संग्रहालयानें भरून काढली आहे. गांवें गमावलेल्या लोकांनीं १९७७ सालीं एक मंडळ स्थापिलें आणि लाँग सू गांवाजवळच्या ऑल्ट पार्कमध्यें दहा इमारती जमविल्या. तेथें न्हाव्याचें दुकान आहे, किराणा मालाचें दुकान आहे, वाचनालय आहे, आगगाडीचें ठाणें आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ज्याला ओळभर जागा मिळावयाची नाहीं, तें सर्व आहे.

व्हिलेजमध्यें चरख्यावर बसलेल्या एका कॉलेजकन्येला मीं विचारलें, “येथें काम धरलें तें पगारासाठीं कीं आवडीनें?” ती म्हणाली, “पहिल्या वर्षीं पगारासाठीं. ही माझी तिसरी खेप.” मग सुताचा धागा तसाच धरून तिनें सांगितलें, “मी १८६६ सालची लोकर काततें. पण माझी आजी दहा वर्षांची असतांना तिचें घर चाकांवरून गेलेलें तिनें पाहिलें आहे. इतकीं वर्षें तिला कोणी विचारलेंच नाहीं. मी ही नोकरी धरली, आणि पाहुणे मला जें विचारूं लागले तें मी घरीं जाऊन तिला विचारूं लागलें. आतां वही करून ठेवली आहे.” त्या दिवशीं जीं मुलें दहा वर्षांचीं होतीं तीं आज ऐंशीच्या घरांत आहेत. वही भरावयास फार उन्हाळे उरलेले नाहींत.

हें वाचून आपल्या वाचकांना मुळशी आठवल्यावांचून राहणार नाहीं. तेथील शेतकऱ्यांनीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तो १९२१ सालीं. तरी गांवें गेलींच. पुढें कोयना झालें, उजनी झालें. उन्हाळ्यांत उजनीचें पाणी ओसरलें म्हणजे पळसदेवचें जुनें देऊळ वर येतें आणि लोक नांवेंतून पाहावयास जातात. देऊळ दिसतें, पण त्याच्या ओसरीवर कोण बसत असे, यात्रेला कोणत्या वाटेनें माणसें येत, हें सांगणारें तेथें कोण उभें असतें?

सुट्टींत मुलानें नोकरी करावी, हें आपल्यांतील कांहीं वडील मंडळींना अजून कमीपणाचें वाटतें. परंतु जिल्ह्याच्या संग्रहालयांनीं उन्हाळ्यापुरतीं चार मुलें वेतन देऊन ठेविलीं, तर त्या पैशापेक्षां मोठा लाभ घराला होईल. वेतन घेतलें म्हणजे उत्तर द्यावें लागतें, आणि उत्तर द्यावयाचें म्हणजे आधीं कोणाला तरी विचारावें लागतें. तें होईपर्यंत ज्या घरांत असें गांव सोडून आलेलीं माणसें हयात आहेत, तेथल्या मुलांनीं येत्या सुट्टींतील आठ दिवस वही-पेन्सिल घेऊन आजी-आजोबांजवळ बसावें. विहीर कोठें होती, शेजार कोणाचा होता, निघतांना काय बरोबर घेतलें आणि काय ठेवून यावें लागलें, एवढें जरी उतरून घेतलें तरी पुष्कळ झालें.