गॅरेजातल्या दहा शेगड्या

बॉनच्या मराठी मंडळींत आमची ओळख आता 'ते कोंबड्यांवाले' अशी झाली आहे. आडनाव सांगितलं तर लोक विचारात पडतात, कोंबड्या म्हटलं की लगेच पत्ता सांगतात! आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा गॅरेजकडे बघून एकच प्रश्न विचारतो, "एवढ्या थंडीत हीटर लावत असाल ना हो?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहूनच टाकावं, म्हणून हा प्रपंच. (उत्तर आधीच सांगतो : नाही.)

आमची गॅरेज घरापासून सुटी आहे. कारखान्यात ओतून आणलेली, सपाट छपराची काँक्रीटची पेटीच म्हणा ना. लांबी 6 मीटर, रुंदी 3 मीटर, भिंत जेमतेम 8 सेंटिमीटर जाड. 2018 च्या शरदात तिचा मागचा अर्धा भाग मुलीच्या हट्टापायी कोंबड्यांना द्यायचं ठरलं. जर्मनीत गॅरेज ही मोटारीसाठी असते आणि मोटारीसाठीच असते! दुसरं काही करायचं तर आधी बाउआम्टला, म्हणजे बांधकाम खात्याला विचारावं लागतं. कोंबडी एक असो वा शंभर, पशुवैद्यकीय खात्याकडे नोंद करायची आणि न्यूकॅसल रोगाची, म्हणजे आपल्याकडच्या मानमोडीची लस टोचून घ्यायची, हाही इथला कायदा. हे सगळे कागद झाले आणि मग मी पेन्सिल हातात घेतली. आखेनला मास्टर्स करताना उष्णतावहनाचा विषय रात्र रात्र जागून घोटला होता, तो एवढ्या वर्षांनी कोंबड्यांच्या कामी आला.

आता हिशेब बघा. दोन किलोची कोंबडी म्हणजे एक चालतीबोलती शेगडी आहे. तिच्या अंगाचं तापमान सुमारे 41 अंश, आणि तिच्यातून साधारण 10 वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. त्यातला काही भाग वाफेबरोबर जातो. दहा कोंबड्यांचे मिळून खोली गरम करायला सत्तर-पंचाहत्तर वॅट उरतात. म्हणजे आपल्या लहानपणीच्या शंभरच्या बल्बपेक्षाही कमी. उघड्या काँक्रीटच्या त्या अर्ध्या खोलीत एका अंशाचा फरक टिकवायलाच 170 वॅट लागतात, तेव्हा या दहा शेगड्यांनी अर्धा अंशही चढत नाही. भिंतींना आणि छताला आतून 10 सेंटिमीटर लाकूडतंतूंच्या पाट्या लावल्या, की तेच काम चौदा-पंधरा वॅटमध्ये होतं. हवा खेळती ठेवण्याचा खर्च त्यात धरला तरी आत बाहेरपेक्षा तीन-साडेतीन अंश जास्त राहतात. बाहेर शून्य असताना पिण्याचं पाणी गोठत नाही. पिसांचा कोट घातलेल्या मोठ्या कोंबडीला याहून जास्त काही नकोच असतं.

2022 च्या हिवाळ्यात या आकड्यांना खरा अर्थ आला. गॅसचे भाव भडकले होते, सरकारी कचेऱ्यांत 19 अंशांची मर्यादा घातली होती आणि आम्हीही घरात स्वेटर घालून बसत होतो. तेव्हा एका हितचिंतकाने कोंबड्यांसाठी विजेचा हीटर सुचवला. मी काही बोलण्याआधीच सौ. म्हणाली, "आम्ही इथं कुडकुडायचं आणि त्यांनी तिथं उन्हाळा भोगायचा काय?" मी हिशेब करून दाखवला. बाहेर शून्य असताना उघड्या काँक्रीटच्या खोलीत 18 अंश ठेवायचे तर तीन किलोवॅटचा हीटर रात्रंदिवस हवा. युनिटला 40 सेंट धरले तरी दिवसाला जवळजवळ 29 युरो. त्या दिवसांत अंडी मिळत होती रोज चार. सोन्याचं अंडं देणारी कोंबडी म्हणतात ती हीच असावी!

पण मंडळी, थंडीपेक्षा मोठा शत्रू वेगळाच आहे, तो म्हणजे ओल. दहा कोंबड्या दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी पितात. अंड्यांत जातं ते सोडलं तर बाकीचं श्वासातून आणि शिटीतून त्याच खोलीत येतं. दार-खिडकी घट्ट लावून घेतली तर ते गार भिंतीवर दवासारखं जमतं, खालचा भुसा भिजतो आणि अमोनियाचा वास सुटतो. तो कोंबड्यांच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना बाधतो. दाटीने ब्रॉयलर पाळणाऱ्यांसाठी युरोपीय संघाने 2007 च्या निर्देशात अमोनियाची मर्यादा 20 पीपीएम ठेवली आहे, ती उगाच नाही. गावाकडे चुलीवर धुराडं असायचं. शेगडी आली की धुराडंही आलंच. म्हणून आमच्या गॅरेजात छताजवळ समोरासमोर दोन झरोके ठेवले आहेत, ते जानेवारीतही उघडे असतात. कोंबड्या बसतात त्या दांडीवर वारा लागत नाही, डोक्यावरून मात्र ओली हवा निघून जाते. बर्ड फ्लू पसरला की सरकार 'श्टालप्फ्लिश्ट' लावतं, म्हणजे कोंबड्या आतच ठेवायच्या. 2016-17 च्या हिवाळ्यात जर्मनीत ठिकठिकाणी तसं झालं होतं. आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस आत राहायची वेळ आली, तर त्या दोन झरोक्यांवरच त्यांचं आरोग्य असतं.

करू इच्छिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्टायरोपोर स्वस्त पडतं, पण उघडं ठेवलं तर कोंबड्या ते चोचीने टोचून खातात आणि उंदीर त्यात बिळं करतात. पाटी कुठलीही लावा, तिच्यावर आतल्या बाजूने आधी बाष्प अडवणारा कागद आणि मग लाकडी फळ्या हव्यातच. पैसे कमी असतील तर आधी छत करा, भिंती नंतर.

पिल्लांचा न्याय मात्र वेगळा. अंग जितकं लहान, तितकं वजनाच्या मानाने त्याचं पृष्ठफळ मोठं, म्हणून उष्णता भराभर निघून जाते. माक्स रुबनर या जर्मन शास्त्रज्ञाने 1883 मध्ये लहानमोठ्या कुत्र्यांवर मोजून हेच दाखवलं. पिल्लाला पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. पण त्यासाठी सगळी खोली तापवू नये. आम्ही कोपऱ्यात छोटी गरम पाटी ठेवतो, तिच्याखाली पिल्लं आईच्या पंखाखाली बसावीत तशी बसतात. लाल दिवा टांगतात तो भुशात पडला तर आग लागते, म्हणून तो आमच्याकडे नाही.

आणि उन्हाळा? मी अकोल्याकडचा. मे महिन्यात पत्र्यावर पऱ्हाट्या पसरायच्या, खिडक्यांना ओली गोणपाटं लावायची, हे बघतच वाढलो. पण ऱ्हाईनच्या खोऱ्यात ही विद्या जशीच्या तशी चालत नाही. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासातली वाफ सोडून गार होते. हवा आधीच दमट असली तर तिची वाफ जायची कुठे? वादळापूर्वीच्या कोंदट दिवसात खोलीत ओलं गोणपाट लावणं म्हणजे तिचा श्वास अडवणं. 25 जुलै 2019 ला आमच्याच राज्यात, डुईसबुर्गजवळ, 41.2 अंश नोंदले गेले. तो आजवरचा जर्मनीचा उच्चांक आहे. त्या दुपारी आमच्या गॅरेजातला आर्द्रतामापक पंचविशीत होता, म्हणजे हवा अकोल्यासारखीच कोरडी होती. म्हणून दारं सताड उघडून गोणपाट लावलं, छपरावर पांढरं कापड ताणलं, पाण्यात बर्फ टाकला. मुलगी दर अर्ध्या तासाने मोजून यायची. रात्री दहाला आत येऊन म्हणाली, "बाबा, दहाच्या दहा." त्या वेळी आम्हाला दुसरी कुठलीही बातमी नको होती.

तेव्हापासून आमचा नियम ठरला : आर्द्रता पन्नासच्या वर गेली की गोणपाट काढायचं आणि नुसता पंखा लावायचा.

सगळ्यात उत्तम इन्सुलेशन निसर्गाने जनावराच्या अंगावरच दिलेलं असतं. आमच्याच भागातल्या राइनलेंडर जातीची कोंबडी घ्या. तिचा तुरा बसका आणि छोटा, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत तो सहसा गोठत नाही. उलट उघड्या मानेची कोंबडी उष्ण प्रदेशात सुखी असते. तेव्हा जागेला शोभेल अशी जात आधी निवडावी, मग छत करावं, मग झरोके आणि शेवटी भिंती. या यादीत हीटरचा नंबर कितवा, ते वाचकांनी आपापल्या विजेच्या बिलाला विचारावं!